उजवा पाय

ऐरोलीतल्या आमच्या बँकेच्या ऑफिसात ग्राहक फिरकत नाहीत. आम्हाला दिसतात ती त्यांची नावं. परदेशातून कुणाच्या खात्यात पैसे आले की पाठवणारा आणि घेणारा, दोघांची नावं दहशतवाद्यांच्या याद्यांशी ताडली जातात. जुळलं की माझ्या स्क्रीनवर अलर्ट, आणि मी तो सोडेपर्यंत पैसे अडकून.

याद्या मुख्यतः दोन. एक न्यूयॉर्कची, सुरक्षा परिषदेची, 1999 च्या 1267 क्रमांकाच्या ठरावातून निघालेली. 2011 मध्ये तालिबानवाल्यांची त्यातून वेगळी काढली. दुसरी दिल्लीची. 2019 मध्ये यूएपीए हा दहशतवादविरोधी कायदा बदलला, तेव्हापासून संघटनेसारखंच एकट्या माणसालाही दहशतवादी घोषित करता येतं. जैश-ए-मोहम्मदचा म्होरक्या मसूद अझहर, त्याचं नाव न्यूयॉर्कच्या यादीत चढावं म्हणून भारत 2009 पासून खेटे घालत होता आणि चीन आडवा येत होता. शेवटी चढलं 1 मे 2019 ला. महाराष्ट्र दिनाची सुट्टी होती. टीव्हीवर राजनैतिक विजय चालला होता. आमच्याकडे तो दुसऱ्या दिवशी यादीतली एक जादा ओळ होऊन आला.

2023 च्या ऑक्टोबरची गोष्ट. नोव्हेंबरात एफएटीएफचं पथक भारतात यायचं होतं. दहशतवाद्यांकडे जाणारा पैसा कोणता देश कसा रोखतो, हे तपासणारी ही संस्था. पाकिस्तान 2018 ते 2022 तिच्याच ग्रे लिस्टमध्ये, म्हणजे जादा देखरेखीखालच्या देशांच्या यादीत होता. आता पेपर आपला होता. वरून फर्मान आलं, नाव किती टक्के जुळलं की अलर्ट द्यायचा ती टक्केवारी खाली आणा. आणली. अलर्ट दुप्पट झाले.

त्यात एक ठाण्याच्या शाखेतला. कुवेतहून मुलाने वडिलांना पाठवलेले बासष्ट हजार. वडील मूळचे मंडणगडचे, शिवणकाम करणारे. त्यांचं नाव तालिबानच्या काळातल्या एका गव्हर्नरच्या नावाशी जुळत होतं. जन्मतारीख बघावी, तर आधारवर 1 जानेवारी. ज्यांना तारीख माहीत नाही त्या निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस आधारवर 1 जानेवारीलाच असतो. यादीतही नुसतं अंदाजे साल.

शाखेतून फोन आला. "सर, काका तीन दिवस येऊन बसतायत. काय सांगू?"

सांगायचं काहीच नाही. कारण कळू द्यायलाच मनाई. आमच्या भाषेत टिपिंग ऑफ. नाव खरोखर त्याच माणसाचं निघालं तर 24 तासांत गृह मंत्रालयाला कळवायचं आणि पैसा गोठवायचा. त्याला आधी सुगावा लागला तर तो पैसे काढून मोकळा, हे मलाही पटतं. पण शाखेतल्या मुलाने तीन दिवस "सर्व्हर डाउन आहे" म्हणून वेळ मारून नेली होती, आणि काकांच्या शेजारच्या खिडकीवर त्याच सर्व्हरवरून लोक पैसे काढत होते.

मी यादीतली नोंद पुन्हा उघडली. खाली शेऱ्यात लिहिलं होतं : उजवा पाय कृत्रिम.

"जरा बघ," मी फोनवरच म्हणालो, "त्यांचे पाय कसे आहेत?"

"काय सर?"

"पाय. दोन्ही आहेत का?"

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तो बहुतेक काउंटरवरून वाकला असावा. "आहेत की. चप्पल काढून बसलेत. उजव्या अंगठ्याला चिंधी गुंडाळलीय."

मी अलर्ट बंद करायला घेतला. माझं काम तपासणाऱ्या चेकर मॅडमनी परत पाठवला. "पाय पाहिला असं लिहिणार का ऑडिटला? कागद आण."

त्यांचं चुकीचं नव्हतं. शेवटी काकांनी गावाकडून शाळा सोडल्याचा दाखला व्हॉट्सअ‍ॅपवर मागवला. जिल्हा परिषदेची उर्दू शाळा, चौथी पास, जन्मस्थान मंडणगड तालुका, आणि त्यात अक्षरी जन्मतारीख. यादीतल्या सालाच्या अलीकडे चांगली अकरा वर्षं. त्या संध्याकाळी पैसे सुटले. काकांना सांगितलं, सर्व्हर चालू झाला.

हे नाव कायमचं वगळायचं तर त्याला वेगळी मंजुरी लागते. मी अर्ज टाकला. पथक येऊन जाईपर्यंत असल्या मंजुऱ्यांवर कुणी सही करणार नव्हतं.

पुढच्या महिन्यात कुवेतहून पैसे आले आणि तोच अलर्ट पुन्हा माझ्याकडे. मी शाखेत फोन लावला.

"तेच काका ना सर?" तो म्हणाला. "सकाळपासून बसलेत. या वेळी दाखला लॅमिनेट करून आणलाय. हे लागतंय असं यांना कोणी सांगितलं, सर?"