तुम्ही विचारलंत म्हणून : निवडून आलेल्या बिशपला पुन्हा मंजुरी कशाला?

पुण्यातले नातेवाईक भेटले की एक प्रश्न हमखास येतो : "तुमच्या अमेरिकेतल्या चर्चमध्ये बिशपची निवडणूक होते म्हणतेस, मग निवडून आल्यावर पुन्हा इतरांची मंजुरी कशाला? आणि त्यात समलिंगी असण्यानसण्याचा वाद कुठून आला?" आम्ही मूळचे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळीतले. ते चर्च आणि इथले एपिस्कोपल चर्च ही दोन्ही अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडशी नाते सांगणाऱ्या) कुटुंबातली असल्यामुळे या प्रश्नात कुतूहलाइतकीच काळजीही असते. इथल्या एका धर्मप्रांताच्या, म्हणजे एका बिशपच्या देखरेखीखालच्या विभागाच्या, स्थायी समितीवर (पाळक आणि सामान्य सभासद मिळून बनलेली, बिशपला सल्ला देणारी समिती; महापालिकेतल्या स्थायी समितीशी तिचे साम्य नावापुरतेच) मी काही वर्षे काम केले आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

धर्मप्रांतातले पाळक (धर्मगुरू) आणि मंडळ्यांचे प्रतिनिधी मिळून बिशप निवडतात हे खरे. पण बिशप हा एका प्रांतापुरता नसून सगळ्या चर्चचा मानला जातो, आणि म्हणून अभिषेकापूर्वी देशभरातल्या स्थायी समित्यांपैकी बहुसंख्य समित्यांची आणि धर्मप्रांत सांभाळणाऱ्या बिशपांपैकी बहुसंख्यांची संमती १२० दिवसांत मिळावी लागते. समितीपुढे येणारा कागद साधा असतो. या व्यक्तीचा अभिषेक होऊ नये अशी कोणतीही बाधा आम्हाला ठाऊक नाही, असा त्यावरच्या मजकुराचा आशय, आणि खाली सह्यांसाठी रेघा. या सह्यांचे महत्त्व २००७ साली साऊथ कॅरोलिना प्रांताने बिशप म्हणून निवडलेल्या मार्क लॉरेन्स यांना कळले. काही समित्यांच्या संमती ई-मेलने, सह्यांविना आल्या म्हणून त्यांची निवड रद्द ठरली आणि प्रांताला त्यांना नव्याने निवडून द्यावे लागले.

पण खरे भांडण सह्यांचे नाही, 'बाधा' या शब्दाचे आहे.

जून २००३ मध्ये न्यू हॅम्पशायर प्रांताने जीन रॉबिन्सन यांना बिशप म्हणून निवडले. ते आपल्या पुरुष जोडीदारासह उघडपणे राहत होते. चर्चचे महाअधिवेशन तोंडावर आलेले असल्यामुळे संमतीचा निर्णय मिनियापोलिसच्या त्या अधिवेशनातच झाला आणि बिशपांच्या सभागृहात ६२ विरुद्ध ४३ मतांनी ती मिळाली. विरोधी पाळक बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या, समलिंगी संबंधांचा निषेध करणाऱ्या, पहिल्या अध्यायाकडे आणि १९९८ च्या लँबेथ परिषदेच्या ठरावाकडे बोट दाखवत होते. जगभरच्या अँग्लिकन बिशपांनी समलिंगी संबंध शास्त्राशी विसंगत ठरवले असताना एक प्रांत परस्पर असे कसे करतो, असा त्यांचा सवाल होता. समर्थक बायबलमधलेच 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक उघडून प्रेषित पेत्र आणि यहुदी नसलेला रोमी अधिकारी कर्नेल्य यांची गोष्ट सांगत होते : देवाने ज्याला स्वीकारले त्याला अडवणारे आपण कोण? नोव्हेंबरमध्ये रॉबिन्सन यांचा अभिषेक झाला तेव्हा त्यांनी अंगात गोळीरोधक जाकीट घातले होते. मी तेव्हा इथे नवीन होते, आणि मंडळीतल्या चर्चेत ठासून म्हणाले होते की त्यांना ओळखणाऱ्या लोकांनी त्यांना निवडले आहे, दुरून नाक खुपसण्याचे आपल्याला कारण नाही.

वीस वर्षांनी हेच वाक्य माझ्या अंगावर आले. फ्लोरिडा प्रांताने चार्ली होल्ट यांना निवडले; समलिंगी विवाहाबाबत त्यांची मते परंपरेची होती. २०२२ च्या मे महिन्यातली निवडणूक कार्यपद्धतीच्या आक्षेपांत अडकली, नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा निवडून आले. या वेळचा आक्षेप अधिक गंभीर होता : समलिंगी पाळकांना आणि त्यांची बाजू घेणाऱ्यांना आधीच्या बिशपांच्या काळात प्रांतात नोंदणी नाकारली जात होती, आणि ज्याची नोंदणी नाही त्याला मतही नाही. मग 'प्रांताने निवडले' यातला प्रांत नेमका कोणता?

आमच्या समितीत एक वयस्कर पाळक होते. रॉबिन्सन यांच्या निवडीला त्यांचा मनापासून विरोध होता आणि त्यांनी तो कधी लपवला नव्हता. होल्ट यांचा कागद टेबलावर फिरत त्यांच्याकडे आला तेव्हा त्यांनी चष्मा वर सरकवला आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "ताई, तेव्हा मी म्हणत होतो की बिशप सगळ्या चर्चचा असतो, आणि तुम्ही म्हणत होतात की तो प्रांताचा प्रश्न आहे. आज आपण भाषणे बदलून घेऊ या का?" (ते अमेरिकनच, 'ताई' तेवढे माझ्याकडून शिकलेले.) मी मतदारयादीचा मुद्दा मांडला. तो मला आजही बरोबर वाटतो. तरी यादी चोख असती तर मी सही केली असती का, असे त्यांनी विचारले, आणि मला पटकन 'हो' म्हणता आले नाही.

त्यांनी सही केली, मी केली नाही. जुलै २०२३ मध्ये जाहीर झाले की होल्ट यांना पुरेशा संमती मिळालेल्या नाहीत, आणि ती निवड तिथेच संपली. पाळकबुवांनी त्या दिवशी मला फोन केला, पण तो पुढच्या बैठकीची वेळ विचारण्यासाठी.