अर्धी वाटी पाणी

टाकीच्या दाबचाचणीत गेजचा (दाबमापकाचा) काटा १३ वरून १२.६ वर आला आणि तिथेच थांबला. त्या दिवशीचा सगळा वाद या थांबण्यावरून झाला. गळती असती तर काटा उतरतच राहिला असता, थांबला म्हणजे गळती नाही, असं वर्कशॉपच्या मालकांचं, शेठचं, म्हणणं. ऐकायला पटण्यासारखंच होतं.

मी थर्ड पार्टी इन्स्पेक्टर. कंपनी फॅब्रिकेटरला व्हेसलची, म्हणजे दाब सोसणाऱ्या टाकीची, ऑर्डर देते आणि ते कोडप्रमाणे (ठरलेल्या नियमावलीप्रमाणे) बनलंय का हे बघायला आमच्यासारख्यांना पाठवते. वर्कशॉप भांडुपचं, एलबीएस रोडच्या आतल्या बाजूला. व्हेसल स्टेनलेसचं, ३१६ एल ग्रेडचं, तीन हजार लिटरचं. डिझाइन प्रेशर १० किलो (आमच्यात चौरस सेंटिमीटर कुणी म्हणत नाही, नुसतं किलो). तापमान फारसं नसल्यामुळे हिशेब सरळ होता: एएसएमई या अमेरिकन कोडच्या सेक्शन आठ, डिव्हिजन एकप्रमाणे हायड्रोटेस्ट (पाणी भरून दाबाची चाचणी) डिझाइन प्रेशरच्या १.३ पट, म्हणजे १३ किलो. तिथले जुने फिटर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, ते दर वेळी ऐकवतात, "आमच्या वेळी दीडपट मारायचो, मॅडम." खरं आहे त्यांचं. १९९९ पर्यंत कोडमध्ये दीडपटच होतं.

सकाळी पोचले तर पाणीच नाही. पालिकेची कपात. मुंबईला पाणी पाठवणारं एवढं मोठं जलशुद्धीकरण केंद्र भांडुपलाच, आणि नळ कोरडा भांडुपचाच! बाहेर व्हेसल न्यायला ट्रक लागलेला, ड्रायव्हर केबिनमध्ये झोपलेला. शेठ म्हणाले, "मॅडम, हवा मारून टाकू. कोडमध्ये न्यूमॅटिक आहेच की. आणि ते तर १.१ पटच. उलट कमी."

आकडा कमी, धोका मात्र जास्त. पाणी दाबलं तरी जवळजवळ आकसत नाही, त्यामुळे जोड फुटला तरी थोडं पाणी उडतं आणि दाब बसतो. हवा आकसून बसलेली असते. तीन हजार लिटर हवा ११ किलोला भरली तर तिच्यात साठलेली ऊर्जा अंदाजे एक किलो टीएनटीएवढी भरते. त्याच दाबाच्या पाण्यात असते त्याच्या काही हजार पट. भिंतीपलीकडे दुसऱ्याचा गाळा आहे, तिथे बायका पॅकिंग करत बसतात. शिवाय कोड हवेची परवानगी देतो ती व्हेसल पाण्याने भरणं सुरक्षित नसेल तेव्हा, किंवा आत पाण्याचा अंशही चालणार नसेल आणि ते नीट वाळवता येत नसेल तेव्हा. पाणीकपात हे कारण त्यात कुठेही नाही. मी नाही म्हटलं.

मग टँकर आला, तोही बोअरच्या पाण्याचा. स्टेनलेसला क्लोराइड सोसत नाही, ऑर्डरमध्ये ५० पीपीएमची मर्यादा लिहिलेली. क्लोराइडची पट्टी बुडवल्याबरोबर निकाल लागला. ते पाणी गेलं अंगण धुण्यात. दुसरा टँकर डीएम (क्षार काढलेल्या) पाण्याचा, तो मिळेपर्यंत दुपार झाली.

गेजवरून आणखी एक खटका उडाला. पंपावर शंभर किलोचा गेज बसवलेला. कोड म्हणतो, गेजची रेंज टेस्ट प्रेशरच्या साधारण दुप्पट हवी, दीडपटीपेक्षा कमी नको आणि चौपटीपेक्षा जास्त नको. मी पंचवीसचा, कॅलिब्रेशनचा दाखला असलेला गेज मागितला. "तुम्ही फार बारीक बघता," शेठ म्हणाले. शंभरच्या गेजवर दोन-दोन किलोच्या रेघा असतात. ०.४ किलोची घट त्यावर कुणाला दिसली असती?

व्हेंटमधून (हवा जायच्या तोंडातून) बुडबुडे थांबून सलग धार येईपर्यंत भरलं, दाब टप्प्याटप्प्याने १३ वर नेला, पंपाचा व्हॉल्व्ह बंद केला. प्रोसीजरमध्ये दाब धरून ठेवायला अर्धा तास होता. पहिल्या काही मिनिटांतच काटा १२.६ वर. नंतर हलेना.

क्यूसीचा (वर्कशॉपच्या तपासणी विभागातला) मुलगा म्हणाला, टँकर उन्हात उभा होता, पाणी गार होतंय. शक्य होतं, पाण्याने गच्च भरलेल्या व्हेसलचा दाब तापमानाने चटकन बदलतो. पण पाणी गार होत असतं तर काटा हळूहळू उतरत गेला असता, असा एकदम थबकला नसता. शेठ म्हणाले, ब्लाइंड फ्लँजचं (टेस्टसाठी तोंडांवर बसवलेल्या झाकणाचं) गास्केट असेल. टेस्टपुरत्या लावलेल्या जोडातून पाझरलं तर कोड माफ करतो, हे त्यांना पक्कं ठाऊक! दाब १० वर उतरवून आम्ही एकेक जोड पाहिला. मामांनी सगळ्या ब्लाइंडवर कोरडं फडकं फिरवलं, मग खडूची पूड लावली. पूड कोरडीच. वेल्डही कोरडे.

मग पाणी गेलं कुठे?

ड्रॉइंग काढून नोझल (पाइप जोडायची तोंडं) मोजत गेले. मोठ्या नोझलभोवती शेलवर, म्हणजे टाकीच्या अंगावर, मजबुतीसाठी पॅड (जादा पत्रा) असतो आणि त्या पॅडला एक छोटं भोक, टेलटेल होल. पॅडखालचं वेल्ड गळालं तर पाणी तिथून बाहेर येऊन चुगली करतं. कोडप्रमाणे ते उघडं हवं, किंवा दाब धरणार नाही अशा वस्तूने बुजवलेलं. एन-३ या नोझलच्या पॅडच्या भोकात टेफ्लॉन गुंडाळलेला बोल्ट होता, पान्याने आवळलेला.

दाब शून्यावर आणला. मामांनी सगळ्यांना बाजूला केलं आणि स्वतः कडेला उभं राहून बोल्ट हळूहळू सैल केला. फुस्स झालं, फिकट धार उडाली आणि मग थेंब सुरू झाले. पॅड आणि शेलमधल्या फटीत मावून मावून पाणी किती मावणार? अर्धी वाटी. ती भरली, पॅडच्या बाहेरच्या वेल्डने अडवली आणि काटा थांबला.

बोल्ट कुणी मुद्दाम लपवालपवीसाठी लावला नव्हता. पिकलिंग (ॲसिडने पृष्ठभाग साफ) करताना ॲसिड आत जाऊ नये म्हणून लावला होता, काढायचा राहिला. मला खटकलं ते वेगळंच. पॅडची साबणाच्या पाण्याची हवा-चाचणी (भोकातून हवा भरून वेल्डवर बुडबुडे बघायचे) हायड्रोच्या आधी व्हायला हवी, आणि फाइलमध्ये तिचा रिपोर्ट होता. सगळे पॅड ओके, एकाच पेनने, एकाच बसणीत लिहिलेले. मी विचारलं, साबणाची बाटली दाखवा. मुलगा शेठकडे बघायला लागला.

व्हेसल रिकामं केल्यावर नोझलच्या आतल्या बाजूला वेल्डमध्ये टाचणीच्या टोकाएवढं भोक सापडलं, वेल्डरने इलेक्ट्रोड बदलला असावा तिथे. आता सगळं परत करावं लागणार होतं: ग्राइंडिंग, डाय पेनिट्रंट (रंग लावून भेगा शोधायची चाचणी), पुन्हा वेल्डिंग, पुन्हा डाय पेनिट्रंट, सगळ्या पॅडच्या हवा-चाचण्या माझ्यासमोर, आणि हायड्रो पहिल्यापासून. संध्याकाळी शेठनी एकदाच विचारलं, "मॅडम, तारीख आजचीच टाकता येईल का?" मी रिपोर्टवर 'नामंजूर' लिहिलं आणि एन-३ ला गोल केला. ट्रक रिकामाच परतला.

पुढच्या हायड्रोला काटा १३ वर चिकटून राहिला, सगळी भोकं उघडी असताना. त्याही दिवशी डीएमचा टँकर लागला. त्याचं बिल शेठनी कंपनीकडे पाठवलं, कंपनीने परत केलं, आणि माझ्या माहितीप्रमाणे ते अजून फिरतंय.