एका घाटवाटेचा टॅग

माळशेजच्या परिसरात कोकणातून घाटमाथ्यावर चढणारी एक नाळ, म्हणजे कड्यांमधल्या अरुंद घळीतली वाट, ओपनस्ट्रीटमॅप या कोणालाही बदल करता येणाऱ्या इंटरनेटवरच्या नकाशावर काही दिवस दिसायची आणि मग नाहीशी व्हायची. पुण्यातल्या ज्या छोट्या संस्थेत मी नकाशांचे काम करते, तिथे तेव्हा डोंगरात अडकलेल्यांना सोडवणाऱ्या स्वयंसेवकांसाठी घाटवाटांचा छापील नकाशा तयार होत होता आणि त्याचा पाया ओपनस्ट्रीटमॅपवरचीच माहिती होती. त्यामुळे ही रेघ आज आहे आणि उद्या नाही, ही अवस्था आम्हाला परवडणारी नव्हती. या नकाशात प्रत्येक बदलाचा इतिहास, पुसलेल्या रेघेचासुद्धा, जपून ठेवलेला असतो. तो उघडल्यावर उलगडा झाला. बचावकार्यात केस पिकलेले एक काका ती रेघ पुसत होते आणि ठाण्याचा एक तरुण ती परत आणत होता. काकांनी बदलासोबत लिहिले होते, ‘मुले मोबाइल बघून इथे शिरतात आणि कातळटप्प्यावर अडकतात, कृपया पुन्हा टाकू नये.’ तरुणाचे उत्तर होते, ‘वाट जमिनीवर आहे, म्हणून ती नकाशावर आहे.’

नाळेचे नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही, कारण प्रश्न त्या एका नाळेपुरता नाही. हरिश्चंद्रगडाचेच उदाहरण घ्या. पाचनईची सोपी वाट, तोलार खिंडीतली रेलिंग लावलेली वाट आणि बेलपाड्याहून कोकणकड्याशेजारून चढणारी नळीची वाट, या तिन्ही या नकाशाच्या भाषेत ‘हायवे=पाथ’ याच एका टॅगखाली, म्हणजे रेघ कशाची आहे हे सांगणाऱ्या नोंदीखाली, बसतात. 2004 साली ब्रिटनमध्ये स्टीव्ह कोस्टने सुरू केलेल्या या प्रकल्पात टॅग कोणीही नवा लिहू शकतो. नव्या टॅगचा रीतसर प्रस्ताव मांडला, तर किमान दोन आठवडे चर्चा आणि त्यानंतर किमान दोन आठवडे मतदान होते, पण मंजूर झालेला टॅगसुद्धा वापरण्याची सक्ती कोणावर नसते. ‘पाथ’चा प्रस्ताव 2008 साली मंजूर झाला आणि बागेतल्या पाऊलवाटेपासून कड्यावरच्या चढाईपर्यंत सगळे त्यात मावू लागले. फरक दाखवायचा तर जोडीला आणखी टॅग द्यावे लागतात. स्विस अल्पाइन क्लबच्या सहा पायऱ्यांच्या श्रेणीवरून घेतलेला ‘सॅक स्केल’ वाट किती अवघड आहे ते सांगतो, तर ‘ट्रेल व्हिजिबिलिटी’ ती डोळ्यांना किती दिसते ते सांगतो. मात्र हे टॅग वाचून रेघ वेगळी काढायची की नाही, हे प्रत्येक ॲप बनवणारा स्वतः ठरवतो, आणि बरीच ॲप सगळ्या पायवाटा एकाच तुटक रेघेने काढतात. काकांचा राग खरे तर त्या रेघेवर होता.

एकमेकांचे बदल उलटवण्याचे प्रकार हाताबाहेर गेले की प्रकल्पाचा डेटा वर्किंग ग्रुप मध्ये पडतो आणि प्रसंगी खाती गोठवतो. तशी वेळ येण्याआधी मी दोघांनाही पत्र लिहून विचारले, की डिसेंबरातल्या एखाद्या रविवारी आपण ती नाळ मिळून चढू आणि जागेवरच टॅग ठरवू. दोघेही आले. पायथ्याच्या गावातले एक मामा वाट दाखवायला सोबत होते.

पहिला तासभर भांडायला जागाच नव्हती. गुरांनी तुडवलेली रुंद ढोरवाट कारवीतून वर जात होती, आणि ती चांगली दिसणारी, सोपी पायवाट आहे यावर दोघांचेही एकमत होते. नाळेच्या तोंडाशी मात्र तरुण थबकला. पुढे नुसते धोंडे होते, त्यांवर कुठे कुठे पांढऱ्या रंगाचे बाण मारलेले होते आणि मळलेली अशी वाट कुठेच नव्हती. ‘आता सांग, जमिनीवर वाट कुठे आहे?’ काकांनी विचारले. मामांनी मात्र न थांबता एका धोंड्यावरून दुसऱ्यावर पाय टाकत अचूक डावी बाजू धरली, कारण उजवीकडचे दगड सुटे आहेत हे त्यांना ठाऊक होते. दोन्ही बाजूंच्या उंच कातळभिंतींमुळे आमच्या तिघांच्या जीपीएस यंत्रांनी तीन वेगळे माग नोंदवले आणि त्यांतला एक तर थेट भिंतीतून गेला होता. नकाशावर आधी असलेली रेघ अशाच कोणाच्या तरी मागावरून काढलेली असणार, हे मला तिथे उभे राहून पहिल्यांदा दिसले.

खरा वाद कातळटप्प्यापाशी झाला. जेमतेम दोन पुरुष उंचीचा तो टप्पा, पण खाली मुरमाड घसारा आणि हाताला मोजक्याच खोबणी. तरुणाच्या मते ही श्रेणीतली चौथी पायरी होती, कारण पुढे सरकायला अधूनमधून हात लागतात. काकांना पाचवी हवी होती आणि शिवाय संपूर्ण नाळेवर ‘ॲक्सेस=नो’ लावायचे होते, म्हणजे निदान काही ॲप तरी ती फिकट दाखवतील किंवा तिच्यावरून मार्ग सुचवणार नाहीत. इथे मला तरुणाची बाजू घ्यावी लागली. ‘ॲक्सेस’ हा टॅग जाण्याचा हक्क सांगतो, धोका सांगत नाही. वनखात्याने वाट बंद केली असती तर तो लावणे योग्य ठरले असते, पण इथे तशी बंदी नव्हती. रेघ विशिष्ट प्रकारे दिसावी म्हणून खोटा टॅग लावायचा नाही, हा या समूहाचा जुना दंडक आहे आणि तो मला मनापासून पटतो. उद्या खरोखर बंदी आली, तर ती वेगळी ओळखणार कशी? काकांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘ताई, नियम बरोबर असेल, पण जुलैत इथून मुलांना खाली मी उतरवतो, नियम नाही उतरवत.’ त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण श्रेणीची व्याख्याच मुळी हवामान अनुकूल आणि जमीन कोरडी असल्याचे गृहीत धरते. आल्प्ससाठी बांधलेल्या त्या मापात आमच्या पावसाळ्याला जागाच नाही.

मामा शेजारी बसून भाकरी खात होते. ते सहज म्हणाले, ‘मिरगाचा पाऊस लागला की ही वाट पाण्याची. दसऱ्यानंतर ती पुन्हा माणसाची.’

इतके दिवस आम्ही रेघ असावी की नसावी एवढेच भांडत होतो. माथ्यावरच्या झाडाखाली बसून तरुणाने लॅपटॉप उघडला आणि ती एक अखंड रेघ आम्ही तोडली. ढोरवाटेचा तुकडा वेगळा केला, धोंड्यांचा वेगळा, कातळटप्प्याचा वेगळा आणि वरच्या गवताळ पदरातला वेगळा, आणि प्रत्येकाला त्याची श्रेणी आणि दृश्यता दिली. धोंड्यांच्या भागाला दृश्यता सर्वांत खालची आणि कातळटप्प्याला चौथी पायरी मिळाली. पाचवीचा आग्रह काकांनी, टप्प्याचे वर्णन मराठीत लिहायचे या अटीवर, सोडला. नाळेतून वाहणारा ओहोळ नकाशावर मुळात नव्हताच; तो आम्ही ‘इंटरमिटंट=येस’ लावून स्वतंत्र रेघेने काढला, म्हणजे वाट आणि पाणी एकाच घळीतून जातात हे नकाशा वाचणाऱ्याला दिसेल. हे काम मी सविस्तर सांगते आहे, कारण पुसण्याला खरा पर्याय हाच आहे असे माझे ठाम मत आहे. बचावपथकाला ती नाळ नकाशावर हवीच असते. अडकलेला माणूस कोणत्या तुकड्यावर आहे हे कळले, तर दोर कुठून सोडायचा ते ठरते.

ऋतूचा प्रश्न मात्र माथ्यावर सुटला नाही. कॅनडा आणि फिनलंडसारख्या देशांत गोठलेल्या पाण्यावरून जाणाऱ्या रस्त्यांसाठी ‘आइस रोड’ आणि फक्त हिवाळ्यात वापरात असणाऱ्यांसाठी ‘विंटर रोड’ असे टॅग आहेत. मग कोरड्या दिवसांतच अस्तित्वात असणाऱ्या वाटेसाठी का नसावा? ‘सीझनल=ड्राय_सीझन’ हे मूल्य आधीपासून आहे, पण तो टॅग मुख्यतः पाण्यासाठी वापरला जातो. आम्ही तो वाटेला लावला आणि थोड्याच दिवसांत दुसऱ्या राज्यातल्या एका सदस्याने, तो वाटांवर चालतो असे कुठे ठरले आहे, अशी रास्त विचारणा केली. आमच्या छापील नकाशात ही नाळ वेगळ्या चिन्हाने आणि ‘फक्त कोरड्या हंगामात’ या सूचनेसह छापली गेली. मोबाइलवर ती अजूनही इतर पायवाटांसारखीच दिसते, आणि काका मला दर पावसाळ्याच्या तोंडाशी याची आठवण करून देतात.

प्रस्तावाचा मसुदा आम्ही तिघे मिळून लिहितो आहोत. वाट कधी बंद समजायची यासाठी तरुणाला त्यात महिने हवे आहेत, जून ते ऑक्टोबर, कारण मार्ग सुचवणाऱ्या संगणकाला तारखाच वाचता येतात. काका म्हणतात, पाऊस कधी मेच्या शेवटी येतो आणि कधी नोव्हेंबरातही कातळ ओला असतो, तेव्हा तारीख पाहून कोणी नाळेत उतरला, तर त्याला बाहेर काढायला पुन्हा आम्हालाच जावे लागेल. मसुद्यातला हा परिच्छेद अजून रिकामा आहे.