अपात्र ठरलेली बहीण

सकाळी पावणेआठला आमच्या औषध-चाचणीचा आपत्कालीन मोबाइल वाजला. हा क्रमांक आमच्या प्रत्येक सहभागीला दिलेल्या कार्डावर छापलेला असतो, आणि अकरा वर्षे स्टडी कोऑर्डिनेटर म्हणून काम करूनही तो वाजला की माझ्या पोटात गोळा येतो. पलीकडे दुसऱ्या एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागातले डॉक्टर होते. पहाटे त्यांच्याकडे चाळिशीतल्या एका बाईंना घामाने डबडबलेल्या, अर्धवट शुद्धीतल्या अवस्थेत आणले होते. रक्तातली साखर ३८ होती. शिरेतून डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचे द्रावण, दिल्यावर त्या शुद्धीवर आल्या, पण दोन तासांत साखर पुन्हा उतरू लागली. त्यांच्या पिशवीत आमच्या चाचणीची बाटली सापडली होती. "या गोळ्यांमध्ये औषध आहे की प्लासिबो, एवढंच मला सांगा," डॉक्टर म्हणाले. प्लासिबो म्हणजे औषधासारखी दिसणारी, पण औषध नसलेली गोळी.

मी बाटलीवरचा क्रमांक विचारून घेतला, नोंदवहीशी ताडून पाहिला, आणि मग रुग्णाचे नाव विचारले. ते जुळेना. बाटली आमच्या एका सहभागी बाईंची होती; अतिदक्षता विभागात होती ती त्यांची धाकटी बहीण. ते नाव मला कुठेतरी पाहिल्यासारखे वाटले, आणि स्क्रीनिंगच्या, म्हणजे प्रवेशाआधीच्या तपासणीच्या, वहीत तीन पाने मागे गेल्यावर सापडलेही. चार महिन्यांपूर्वी दोघी बहिणी एकाच दिवशी आमच्याकडे आल्या होत्या. थोरलीला चाचणीत घेतले. धाकटीच्या नावापुढे माझ्याच अक्षरात लिहिले होते: "अपात्र. सल्फोनिलयुरिया चालू."

चाचणी मधुमेहावरच्या एका नव्या गोळीची होती. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या नेहमीच्या गोळीने ज्यांची साखर पुरेशी आटोक्यात येत नाही, त्यांना ही गोळी जोडीला दिल्याने फरक पडतो का, हे पाहायचे होते. अर्ध्या सहभागींना खरी गोळी आणि अर्ध्यांना हुबेहूब तशीच दिसणारी प्लासिबो मिळत होती, आणि कोणाला काय मिळते हे त्यांना, मला किंवा आमच्या मुख्य संशोधकांना कळू नये अशी रचना होती. सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांना प्रवेश नव्हता, कारण त्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला भाग पाडतात आणि त्यावर आणखी एका औषधाची भर पडली की साखर धोक्याच्या पातळीपर्यंत उतरू शकते. म्हणजे धाकटीला ज्या भीतीने बाहेर ठेवले होते, नेमके तेच, किंवा तसे दिसणारे काहीतरी, तिच्या बाबतीत घडले होते.

मुख्य संशोधकांना मी फोनवर घेतले. कोणाला औषध आणि कोणाला प्लासिबो हे सांगणारा कोड उघडण्याचा अधिकार त्यांचा होता. संगणकावर दोन पायऱ्या ओलांडल्या की उत्तर समोर येते, आणि मला ते हवे होते, हे मी लपवत नाही. कोणीतरी खाटेवर पडलेले असताना आपल्या हाताशी असलेली माहिती झाकून ठेवणे अमानुष वाटते. पण त्यांनी आधी अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांना एक प्रश्न विचारला: उत्तर कळल्यावर तुमचे उपचार बदलणार आहेत का? डॉक्टर क्षणभर थांबले. धाकटीला दोन दिवस उलट्या होत होत्या, खाणे जवळपास बंद होते, आणि तिच्या स्वतःच्या सल्फोनिलयुरियाच्या गोळ्या मात्र चालूच होत्या. एवढ्यानेही साखर अशी वारंवार उतरू शकते आणि रुग्णाला निदान एक दिवस नजरेखाली ठेवावेच लागते. त्यामुळे बाटलीत खरे औषध आहे असे धरून चालायचे, डेक्स्ट्रोज चालू ठेवायचे आणि दर तासाला साखर पाहायची, असे ठरले. त्या औषधाचा अंश शरीरात किती काळ टिकतो ही माहिती आम्ही तत्काळ पाठवली. उपचार बदलले तर ताबडतोब कोड उघडू, हेही त्यांना सांगून ठेवले. कोड बंदच राहिला.

या गुप्ततेचा लोकांना राग येतो, आणि तो मला समजतो. ती कशासाठी हे सांगताना मी बहुतेकदा क्षयरोगाचे उदाहरण देते. १९४८ साली ब्रिटनमध्ये स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कोणता रुग्ण कोणत्या गटात जाणार हे बंद लिफाफ्यांत ठेवले होते आणि क्ष-किरण चित्रे वाचणाऱ्या तज्ज्ञांनाही गट सांगितलेला नव्हता. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ जणांपैकी ४ दगावले, तर नुसती विश्रांती मिळालेल्या ५२ जणांपैकी १४. तो फरक निर्विवाद ठरला, कारण बऱ्या होऊ शकतील अशा रुग्णांना निवडून कोणी औषधाच्या गटात टाकले नव्हते.

दुपारी थोरल्या बाई आल्या. खुर्चीच्या कडेवर बसून त्या पदराचे टोक बोटाभोवती गुंडाळत राहिल्या. "मॅडम, चूक माझी आहे. एक दिवस मी घेत होते, एक दिवस ती," त्या म्हणाल्या. "तुम्ही तिला नको म्हणालात. मला एवढं चांगलं औषध फुकट मिळतंय आणि तिला नाही, हे मला बघवेना."

ही गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मला दिसली नव्हती. एका बाटलीत ३५ गोळ्या असतात आणि सहभागी अठ्ठाविसाव्या दिवशी येतात, म्हणजे ७ उरायला हव्यात. मोजणीच्या ताटलीवर पट्टीने पाच-पाचचे गट करत मी त्यांच्या गोळ्या तीनदा मोजल्या होत्या आणि तिन्ही वेळा बरोबर ७ निघाल्या होत्या. साधारणपणे ८० ते १२० टक्के हिशेब जुळला तरी आम्ही समाधान मानतो; माणसे विसरतात, प्रवासाला जातात, गोळी हातातून पडते. त्यांचा हिशेब मात्र दर वेळी शंभर टक्के. पाहणीला आलेल्या मॉनिटरने त्याचे कौतुक केले होते आणि मीही केले होते. त्यांची रोजनिशी आता पुन्हा पाहिली, तर महिन्याभराच्या सगळ्या खुणा एकाच पेनाने, एकाच दाबाने, एका बैठकीत केल्यासारख्या होत्या.

क्षयरोगाच्या चाचण्यांमध्ये मी काम केले तेव्हा सहभागी आमच्यासमोर गोळी गिळत. शिवाय रिफाम्पिसिनमुळे लघवी नारिंगी होते, त्यामुळे औषध पोटात गेले की नाही ते कळायचे. मधुमेहाच्या चाचणीत बाटली घरी जाते, आणि घरात एकटा सहभागी राहत नसतो. एड्सवरच्या झिडोव्हूडिनच्या सुरुवातीच्या चाचण्यांतही काही सहभागींनी आपापल्या गोळ्या एकत्र करून वाटून घेतल्या होत्या, म्हणजे प्रत्येकाला थोडे तरी खरे औषध मिळेल. ते मी प्रशिक्षणात शिकले होते. आपल्या टेबलासमोर ते घडेल असे मनात आले नव्हते.

मी त्यांना संमतीपत्रातला मजकूर त्यांच्या शब्दांत सांगायला सांगितला. सही करतानाही हे विचारले होते आणि उत्तरे बरोबर आली होती. या वेळी त्या बराच वेळ गप्प राहिल्या. "मला मिळतंय त्यात औषध नसूही शकतं, हे तुम्ही सांगितलं होतं. पण डॉक्टर देतात ते औषधच असणार, असं मला वाटत राहिलं." त्या खोटे बोलत नव्हत्या.

अहवाल लिहिताना वेगळीच अडचण आली. गंभीर घटनेची माहिती चोवीस तासांत प्रायोजकांना द्यावी लागते, पण त्या फॉर्मच्या पहिल्याच रकान्यात सहभागी क्रमांक लागतो, आणि धाकटीला क्रमांकच नव्हता. शेवटी प्रोटोकॉलचे, म्हणजे चाचणीच्या ठरलेल्या नियमांचे, उल्लंघन आणि सहभागी नसलेल्या व्यक्तीने औषध घेतल्याची घटना, अशा दोन नोंदी करून आम्ही त्या प्रायोजकांकडे आणि एथिक्स कमिटीकडे पाठवल्या. स्क्रीनिंगच्या दिवशी धाकटीला अपात्रतेचे कारण समजावल्याची नोंद नाही, हेही मी त्यात लिहिले. एका वरिष्ठ सहकाऱ्याच्या मते ते लिहिण्याची गरज नव्हती. मला होती. त्या दिवशी बाहेर नऊ जण थांबले होते आणि मी तिला फक्त एवढेच म्हटले होते की तुम्ही या चाचणीत बसत नाही. तिने ते आपल्याला नाकारले असे ऐकले. ही चाचणी तुमच्यासाठी धोक्याची आहे, हे वाक्य तिच्या वाट्याला आलेच नाही.

थोरल्या बाईंची गोळी थांबवली, पण त्यांना चाचणीतून काढले नाही. औषध थांबणे आणि चाचणी सोडणे या वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या गटात त्यांची नेमणूक झाली, त्याच गटात त्यांची मोजदाद शेवटपर्यंत होणार, आणि त्यांची संमती असेल तोवर रक्ततपासणीही होत राहणार. त्यांनी ती दिली.

आठवड्याने बाटली परत करायला दोघी आल्या. धाकटीचा चेहरा उतरलेला होता, हाताच्या पाठीवर सलाइनचा काळानिळा डाग होता. मी कागदावर स्वादुपिंड काढून तिच्या गोळीचा आणि आमच्या गोळीचा बाण एकाच दिशेने कसा जातो ते दाखवले. तिने कागद जवळ ओढून घेतला आणि विचारले, "म्हणून नाही घेतलं होतं मला?" मी हो म्हणाले. तिने कागदाची घडी घालून तो पिशवीत ठेवला.

मग मी बाटली ताटलीवर रिकामी केली. औषध थांबवले तेव्हा या बाटलीचे १९ दिवस झाले होते, आणि गोळ्या १६ निघाल्या. हिशेबाने १६च हव्या होत्या. थोरल्या बाईंना विचारले, तर यांतल्या किती आपण घेतल्या हे त्यांना नक्की सांगता येईना. फॉर्मवर आकड्यापुरताच रकाना होता. मी समासात लिहिले, "१९ गेल्या, पैकी सहभागीने घेतलेल्या ९ किंवा १०, निश्चित आठवत नाही," आणि शेजारी सही करून तारीख टाकली.