चिनी मातीच्या गावाला: जिंगदेझेनचे तीन दिवस

लोणच्याच्या बरणीमुळे 'चिनी माती' हा शब्द आपल्या घराघरात आहे. ती माती जिच्या नावाने जगभर 'केओलिन' झाली, ती गाओलिंगची टेकडी चीनच्या च्यांगशी प्रांतात, जिंगदेझेन शहराच्या ईशान्येला आहे. निळ्या-पांढऱ्या भांड्यांच्या ओढीने मी तिथे तीन दिवस राहून आलो.

पोहोचलो तो सोमवार. चीनमधली बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात, हे आधी पाहायला हवं होतं. तुम्ही मंगळवारपासून आखणी करा.

दुसऱ्या दिवशी सकाळीच शाही भट्टी संग्रहालय गाठलं. भट्टीच्या आकाराच्या लांबट विटांच्या कमानी, आणि त्यातल्या बऱ्याच विटा जुन्या भट्ट्यांच्याच. आत बहुतेक भांडी जोडलेली आहेत. सम्राटासाठी घडवलेल्या भांड्यात जरा खोट निघाली की ते फोडून तिथेच पुरत. ते तुकडे उकरून, जुळवून पुन्हा भांडी उभी केली आहेत. मिंग घराण्यातल्या श्वांद सम्राटाच्या काळातली (१४२६ ते १४३५) झुंजीचे रातकिडे ठेवायची झाकणाची भांडी तर मी दोनदा परत जाऊन पाहिली.

त्या काळचा निळा नीट न्याहाळा. रेघ जिथे दाट, तिथे काळसर ठिपके दिसतात, जणू रंग झिलईत बुडालाय. कोबाल्ट इराणकडून यायचं, त्यात लोह जास्त, म्हणून हे ठिपके. पुढे चीनमधलंच कोबाल्ट वापरात आलं, त्यात मँगनीज जास्त, आणि निळ्याचा पोत बदलला. 'अस्सल चिनी' म्हणून आपण जे ओळखतो त्यातला रंगच परका होता, हे मला या प्रवासात सगळ्यात मोलाचं वाटलं. सुरुवातही इथली नाही. नवव्या शतकात हनान प्रांतात निळी-पांढरी भांडी बनत होती, त्यातल्या तीन थाळ्या इंडोनेशियाच्या बेलितुंग बेटाजवळ बुडालेल्या जहाजात मिळाल्या. जिंगदेझेनने युआन काळात, म्हणजे मिंगच्या आधीच्या मंगोल राजवटीत, दगडाच्या भुकटीत गाओलिंगची माती मिसळली, मोठी भांडी भट्टीत वाकेनाशी झाली, आणि मग मात्र या गावाने मागे पाहिलं नाही. १३५१ साल लिहिलेल्या दोन उंच सुरया आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

जुन्या भट्ट्यांच्या उद्यानात कारागीर काम करताना दिसतात, तिथे अर्धा दिवस ठेवा. एक बाई कच्च्या वाडग्यावर कमळ काढत होत्या. रंग राखेसारखा मळकट, निळ्याचा मागमूस नाही. कोरडी माती ब्रशमधलं पाणी क्षणात पिते, त्यामुळे रेघ चुकली की पुसायची सोय नाही. वरून झिलई चढवून साधारण १३०० अंशांना भाजल्यावर निळा उघडतो.

मोबाइलवर अलीपे हे पैसे देण्याचं ॲप निघण्यापूर्वीच सुरू करून कार्ड जोडा. गूगल तिथे चालत नाही, भाषांतराचं ॲप आणि हॉटेलचा चिनी पत्ता जवळ हवाच. शाकाहारींनी मुळ्याचं किंवा टोफूचं सारण भरलेली, वाफवलेली ज्याओझ-बा मागावी, पण सारणात मांस नाही ना हे विचारूनच. जेवण तिखट असतं.

खरेदी ताओशीच्वान या शहरातल्या कला-वसाहतीतल्या तरुण कलाकारांकडून करा. 'मिंग काळातलं' म्हणून कुणी तुकडा दाखवला तर घेऊ नका. नकला भरपूर आहेत, आणि खरा निघाला तरी १९११ पूर्वीच्या वस्तू देशाबाहेर नेता येत नाहीत. घेतलेलं भांडं कपड्यांत गुंडाळून हातातल्या बॅगेतच ठेवा. माझा छोटा पेला तसाच पुण्यापर्यंत अखंड आला.