पाय टेकतात का?

पहिली मोटरसायकल कोणती घ्यावी, हे चारचौघांत विचारू नये. गाडीबद्दल फारसं काही कळत नाही. सांगणारा स्वतः विसाव्या वर्षी काय चालवत होता, ते मात्र सविस्तर कळतं.

मी विचारलं. वय पंचेचाळिशीला आलेलं, आजवर हाताखाली कायम स्कूटर, उंची पाच फूट एक इंच आणि मुक्काम साताऱ्यात, जिथे गाडी लावायला सपाट जागा मिळाली तरी माणूस खूश होतो. एवढ्या उशिरा गिअरची गाडी कशाला, याला कारण यवतेश्वरचा घाट. स्कूटरवर तो चढता येतो, कितीतरी जणी रोज चढतात. उतरताना मात्र माझी बोटं ब्रेक दाबून दाबून अवघडायची, आणि शेजारून एखादा दूधवाला दोन्ही बाजूंना किटल्या लावून, दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकला जेमतेम हात लावत, गाडी गुरगुरवत निवांत उतरायचा. खालच्या गिअरमध्ये उतारावर गाडीला इंजिनच आवरून धरतं. मला त्या दूधवाल्याचा हेवा वाटायचा. कास, धरणं, लांबच्या सफरी वगैरे काही डोक्यात नव्हतं.

काकांनी येझदी सांगितली. हल्ली त्या नावाने मिळते ती नव्हे; म्हैसूरच्या आयडियल जावाची, ज्यांचा कारखाना १९९६ साली बंद पडला ती. त्या गाडीत गिअरचा दांडा आत दाबून वर फिरवला की त्याचीच किक व्हायची. हे सांगताना काका खुर्चीतून उठतात आणि डावा पाय हवेत मारून दाखवतात. कुठे मिळेल विचारलं तर म्हणाले, "शोधलीस तर मिळेल."

बाबांचा प्रश्न एकच, ॲव्हरेज काय देते? १९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० आली. टाकी भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशी तिची जाहिरात होती. बाबा ती जाहिरात काही विसरलेले नाहीत. त्यांना मी कागदावर हिशेब करून दाखवला. माझं जाणं-येणं दिवसाला दहा किलोमीटर, म्हणजे महिन्याला तीनशे. साठचं ॲव्हरेज देणारी गाडी पाच लिटर पिणार, पंचेचाळीसचं देणारी पावणेसात लिटरच्या आत. फरक पावणेदोन लिटरसुद्धा नाही. बाबांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "पण साठ देते ना?"

शेजारचे सुभेदार अपशिंग्याचे. ज्या गावात जवळजवळ घरटी एक माणूस फौजेत, तिथल्या माणसाच्या तोंडी बुलेटखेरीज दुसरं नाव यायचं कारणच नव्हतं. त्यांची जुनी बुलेट अजून चालू आहे. तिचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला, म्हणजे आज मिळणाऱ्या प्रत्येक गाडीच्या बरोबर उलट. त्यावर शिकलेला माणूस दुसऱ्या गाडीवर बसला की घाईत ब्रेक म्हणून गिअर दाबतो. सुभेदारांच्या मते यात बुलेटचा काही दोष नाही, बाकीच्यांनी सवय बिघडवली.

मामेभाऊ पल्सरवाला. २००१ साली पल्सर आली तेव्हा तो कॉलेजात होता, एवढं सांगितलं की पुरे. भाच्याला मात्र हे सगळेच म्हातारे वाटतात. "मावशी, एकदाच घ्यायची तर ड्यूक ३९० घे." मग त्याला बजेट सांगितल्यावर तो साडेतीनशे सीसीवर उतरला. सप्टेंबर २०२५मध्ये साडेतीनशे सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८वर आला आणि त्यावरच्या गाड्यांचा ४०वर गेला, हे त्याला तोंडपाठ होतं. सरकारनेच जणू मावशीसाठी सवलत काढली आहे, अशा थाटात तो बोलत होता.

या सगळ्यांत एकानेही माझ्या पायांकडे पाहिलं नाही.

पाहिलं ते आमच्या गॅरेजवाल्याने. स्कूटर सर्व्हिसिंगला टाकायला गेले होते, सहज विषय काढला. त्याने सीसी विचारला नाही, बजेट विचारलं नाही. दुरुस्तीला आलेली एक बुलेट, क्लासिक ३५०, स्टँडवरून काढली आणि म्हणाला, "ताई, बसा. चालू करायची नाही. नुसतं बसा. पाय टेकतात का बघा."

टेकले. म्हणजे दोन्ही पायांची बोटं टेकली, टाचा हवेत. मग म्हणाला, आता थोडी डावीकडे कलू द्या आणि परत सरळ करा. कलली झटकन, सरळ करताना त्याला हात लावावा लागला. मग म्हणाला, उतरा आणि मागे ढकला. गॅरेजसमोर उतार आहे, साताऱ्यात कुठे नसतो? गाडी जागची हलली नाही.

नंतर तिथेच उभी असलेली एक स्प्लेंडर दिली. टाचा टेकल्या. कलवली, सरळ केली, मागे ढकलली. इंजिन कशाचंच चालू केलं नव्हतं, पण पुढचं सगळं तिथेच ठरलं असं म्हणायला हरकत नाही.

घरी येऊन मी आकडे बघितले. स्प्लेंडरच्या सीटची उंची ७८५ मिलिमीटर आणि क्लासिक ३५०ची ८०५. फरक फक्त दोन सेंटिमीटरचा. एवढ्यावर टाचा जातात कुठे? त्या जातात सीटच्या रुंदीत. रुंद सीटवर मांड्या फाकतात आणि तेवढी पायाची लांबी खर्ची पडते. म्हणून कागदावरची उंची वाचून गाडी ठरवणं म्हणजे नुसत्या नंबरावर चप्पल मागवणं. घालून पाहिल्याशिवाय काही कळत नाही.

वजनात मात्र खरीच तफावत आहे. स्प्लेंडर ११२ किलोची, क्लासिक १९५ किलोची. आणि जिला मी इतकी वर्षं हलकी समजून फिरवत होते ती माझी स्कूटर? तीही शंभरीच्या पलीकडची. म्हणजे "मोटरसायकल तुला झेपायची नाही" म्हणणारे जेमतेम पाच-सात किलोंसाठी घाबरवत होते. स्कूटरचं वजन खाली, पायाशी असतं. मोटरसायकलची टाकी वर असते, म्हणून कलली की लवकर खाली जाते. फरक जाणवतो तो याचा. आणि नवा माणूस पडतो तो वेगात कमी, उभ्या गाडीवर जास्त. सिग्नलला थांबताना पाय खडीवर पडतो, यू टर्न घेताना गाडी अर्ध्यात बंद पडते, उतारावर तोंड खाली करून लावलेली गाडी मागे ओढताना हात सुटतो. मोटरसायकलला रिव्हर्स गिअर नसतो, हे सगळ्यांना माहीत असतं. गाडी उताराकडे तोंड करून लावून झाल्यावर ते आठवतं. पिकअप, टॉप स्पीड, शून्य ते साठ किती सेकंदांत, या गप्पांत शून्याबद्दल कोणीच बोलत नाही.

शोरूममध्ये गेले तर तिथला मुलगा माझ्या नवऱ्याला म्हणाला, "सर, मॅडमसाठी स्कूटर त्या बाजूला आहेत." नवरा सायकलच्या पुढे कधी गेलेला नाही. तो निमूटपणे त्या बाजूला जाऊन स्कूटर बघू लागला. मी टेस्ट राइड मागितली तेव्हा लायसन्स मागितलं, आणि त्याने ते उलटं करून दाखवलं: विदाऊट गिअर. त्याचं बरोबरच होतं. स्कूटरचं लायसन्स गिअरच्या गाडीला चालत नाही, तो वेगळा वर्ग. पुन्हा लर्निंग, मग महिनाभर थांबणं, मग आरटीओत आठ काढणं. तोवर गॅरेजवाल्याच्या जुन्या स्प्लेंडरवर कॉलनीतल्या मोकळ्या प्लॉटमध्ये माझं हाफ क्लचचं शिक्षण चाललं. आठ काढताना वेग द्यायचा नसतो, पहिला गिअर, क्लच अर्धा सोडलेला, मागचा ब्रेक किंचित आणि नजर चाकाकडे न ठेवता पुढच्या वळणाकडे. प्लॉटच्या कडेला बसून भाचा "रेस दे, रेस दे" ओरडायचा. त्याला शेवटी चहा करायला घरी पाठवलं.

उरलेली बाब होती मागच्या सीटची, आणि तिथे अधिकार सासूबाईंचा. त्या दोन्ही पाय डावीकडे सोडून बसतात आणि बसताना कधी सांगत नाहीत. भाच्याच्या पसंतीच्या गाडीची मागची सीट त्यांनी एकदा न्याहाळली आणि "इथे कोण बसणार, कावळा?" म्हणाल्या. साडी गार्ड काढून टाक, गाडी भारी दिसेल, असंही भाचा सुचवत होता. मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं, कपडे अडकू न देणारं संरक्षण आणि मागच्याला धरायला हँडल असायला हवं, असं मोटार वाहन नियमांतच आहे. पण नियम नसता तरी चाकात गेलेला पदर एकदा पाहिलेली कोणतीही बाई ती जाळी काढू देणार नाही.

एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊन घसरू न देणाऱ्या सोयीचा, मोह मला थोडा झाला होता. एप्रिल २०१९पासून सव्वाशे सीसीच्या वरच्या गाड्यांना ते सक्तीचं आहे. त्याखालच्यांना दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लागण्याची सोय असली तरी चालते. घाटातल्या ओल्या वळणावर एबीएस बरं, यात शंका नाही, आणि ज्यांच्या टाचा दीडशे सीसीच्या गाडीवर टेकतात त्यांनी ते जरूर घ्यावं. माझ्या टेकल्या, पण सासूबाई मागे बसल्या की गाडी डावीकडे ओढायची, आणि तेव्हा जास्तीचे तीस-पस्तीस किलो जाणवायचे.

तेव्हा स्प्लेंडरच. एक्स-शोरूम किंमत ऐकून खूश झाले आणि ऑन-रोड ऐकून पुन्हा खुर्चीत बसले. टॅक्स, पासिंग, नव्या टू-व्हीलरला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो तो, लेग गार्ड, सीट कव्हर. पाडव्याची डिलिव्हरी मागितली. मुलगा म्हणाला, "मॅडम, पाडव्याला पाय ठेवायला जागा नसते. तुम्ही आदल्या दिवशी शांतपणे घेऊन जा ना."

सासूबाई तोवर पंख्याखाली गप्प बसून होत्या. "पाडव्याच्या आदल्या दिवशी काय असतं रे बाळा?" त्यांनी विचारलं. मुलाने आधी मोबाइलमध्ये पाहिलं, मग नवऱ्याकडे. नवऱ्याने सांगितलं, "अमावास्या."

मग पाडवा झाल्यावर दुसऱ्या दिवशी आणली. शोरूम रिकामं होतं, हार कालचे होते, आणि काळ्या रंगाच्या सगळ्या गाड्या आदल्या दिवशीच्या मुहूर्तावर गेलेल्या. उरली होती ती लाल. काका म्हणतात, येझदी लालच शोभायची.