मलमलचा कुडता आणि भाजलेली पाठ

ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला आल्यावर पहिल्याच डिसेंबरात, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्यात, गोल्ड कोस्टच्या बीचवर मी मस्त पांढरा मलमलचा कुडता घालून गेले, कारण उन्हाळा म्हणजे पांढरं सुती हे डोक्यात फिट्ट बसलेलं. चेहऱ्याला, हातांना सनस्क्रीन फासलं, पाठीला कशाला, कपडा आहे ना! आणि आपण सावळे, आपल्याला काय होतंय, हा माज होताच. तासभर पाण्यात खेळले आणि रात्री पाठ गादीला टेकवेना.

शेजारच्या बाईंनी दुसऱ्या दिवशी तो कुडता खिडकीसमोर धरला तर पलीकडचं झाड दिसत होतं. म्हणाल्या, उजेड येतो तिथून यूव्ही, म्हणजे उन्हातले कातडी भाजणारे अतिनील किरण, पण येतं. तेव्हा कळलं की गार वाटणं वेगळं आणि ऊन अडणं वेगळं.

इथे कपड्याच्या टॅगवर यूपीएफ, म्हणजे कापड यूव्ही किती अडवतं त्याचा आकडा, लिहिलेलं असतं, त्याचं स्टँडर्ड 1996 पासून आहे. 50 म्हणजे पन्नासातला एकच भाग यूव्ही आत येतं. साध्या पांढऱ्या सुती टीशर्टचं साधारण 7, आणि भिजला की 3 च्या आसपास, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा आरपार! मग माझ्या मलमलचं काय विचारता. जीन्सचं कापड मात्र घट्ट विणीचं, गडद, त्यातून जवळपास काहीच येत नाही, पण ती घालून पोहणार कोण, म्हणून इथे लहानथोर सगळे पूर्ण बाह्यांची रॅशी, म्हणजे पोहायचा टीशर्ट, घालतात. पॉलिस्टर, ज्याला आपण उन्हाळ्यात नाकं मुरडतो, ते स्वतःच यूव्ही शोषतं. ताणून बसलेला कपडा मात्र कमी अडवतो कारण वीण फाकते, त्यामुळे एक साइज मोठीच घ्यावी.

मला सगळ्यात गंमत वाटली ती मांजरपाटाची. ब्लीच न केलेल्या सुतात कापसाचे मूळचे रंगद्रव्य वगैरे राहतात आणि ते यूव्ही शोषतात, ब्लीच केलं की तेच निघून जातं. म्हणजे आजीचं ते पिवळट जाडंभरडं कापड माझ्या महागड्या शुभ्र कुडत्यापेक्षा बरं!

लेकीच्या शाळेत तर टोपी नसेल तर मैदानात सोडतच नाहीत, सावलीत बसा. मार्चमध्ये आई येतेय, तिला सांगितलंय पुण्यातला माझा जुना स्कूटीवरचा सनकोट घेऊन ये, तो गडद निळा, पांढरा नको.